चाक जड जातंय

४ जानेवारी, रविवार

मागचं चाक जड जातंय. सुर्लीच्या घाटात आज दोनदा उतरून बघितलं, ब्रेक कुठे घासतोय का म्हणून. घासत नव्हता. तरी सगळा घाट मागे उसाची ट्रॉली जोडल्यागत ओढला.

सोनम वरच्या वळणावर जाऊन उभी. ती सत्तावीसची, मी त्रेचाळीसची, तेव्हा तिने पुढे असावं हे ठीकच. पण गेल्या पावसाळ्यात हीच पोरगी माझ्या मागे असायची. मूळची आटपाडीकडची, आमच्या कडेगावात बँकेत लागली, एकटीच खोली करून राहते. तिला सायकलवर बसवली मी, चढाला गिअर कधी पाडायचा ते शिकवलं मी. आता वरून हाक मारते, "या ताई, निवांत या."

निवांत म्हणे.

अंकिता माझ्या मागून येत होती. स्टँडजवळ तिचं मेडिकलचं दुकान आहे. अडीच वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी हे सुरू केलं तेव्हा हेल्मेट घातलेल्या बाया बघायला लोक चहा सोडून उठायचे. पूर्वी ती माझ्या शेजारून चालवायची आणि तोंडाचा पट्टा चालू असायचा. हल्ली मागेच राहते, बोलत नाही. मी थांबले की तीही थांबते आणि बाटलीच्या झाकणाशी खेळत बसते. कंटाळली असेल माझ्या वेगाला.

बावीस फेब्रुवारीला साताऱ्याहून दोनशे किलोमीटरची राइड आहे, एका दिवसात, ठरल्या वेळेच्या आत. तिघींची नावं मीच घातली. आपल्या गावातून बायका पहिल्यांदाच चालल्यात. शाळेत सांगून बसलेय, ह्यांना फोनवर सांगून बसलेय. आता माघार नाही.

घरी येऊन आंघोळ केली आणि केस न विंचरता पलंगाच्या कडेवर नुसती बसून राहिले. आत्तींनी सासूच्या आवाजात दारातून विचारलं, "काय गं, भाजी कोन टाकनार?" उठले.

७ जानेवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर लालासाहेबांच्या दुकानात सायकल दाखवली. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं. ते फिरतच राहिलं. "बाई, ह्यात काय न्हाई. लोन्यागत फिरतंय." म्हटलं, तरी बेअरिंग बदला. बदललं. चालवत घरी आले तर तसंच जड.

एक गोष्ट लिहू का नको असं झालंय. वर्गातल्या पाटीवरच्या पेन्सिली मी खातेय. लहानपणी खायचे, मग सुटलं होतं. आता पोरं गणितं सोडवत बसली की माझा हात आपोआप डब्याकडे जातो. आज पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, तुमच्या ओठाला पांढरं लागलंय." पदराने पुसलं. गंमतच आहे. पण कुरकुर चावलं की जीव कसा शांत होतो.

१० जानेवारी, शनिवार

पाळी पुन्हा आली. मागची संपून पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत, आणि जाते ती नळ सोडल्यासारखी. वयच तसं आहे. आत्तीही तेच म्हणतात, "जायच्या आदी अशीच धिंगाना घालती."

पॅडची पाकिटं आता विट्यातून आणते. अंकिताच्या दुकानात घेतली की ती हिशेब ठेवते. मागे गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाली, "ताई, ह्या महिन्यात कितव्यांदा गं?" वर काउंटरवरून वाकून माझी डोळ्याखालची कातडी ओढून बघायला लागली. मी तिचा हात झटकला. दिवाळीत लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या तिने. पोट बिघडलं म्हणून मी सोडल्या. ते काही तिला सांगितलं नाही, नाहीतर दुसऱ्या देईल. दुकानदार शेवटी दुकानदारच.

११ जानेवारी, रविवार

खानापूरपर्यंत जायचं होतं, विट्यातूनच परतलो. सोनमच्या पोटात दुखतंय म्हणे. मी बघतेय, हिच्या पोटात फक्त चढालाच दुखतं. चढ आला की रस्त्याकडेला बसते, "ताई, जरा थांबूया का?" आणि उतार लागला की ठणठणीत. ताकद आहे पण चिकाटी नाही पोरीत. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान असून ही तऱ्हा.

खरं सांगायचं तर ती बसली तेव्हा मलाही बरं वाटलं. तिला तसं दाखवलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ, पुरणपोळ्या, शेजारणींचं हळदीकुंकू. वाणाला वाट्या दिल्या. तीन-चार जणी म्हणाल्या, "रेश्मा, सायकल चालवून उजळलीस गं! उन्हात फिरून मानूस काळं पडतं, तुझं उलटंच." मी हसून म्हटलं, व्यायामाने रक्त वाढतं.

संध्याकाळी ह्यांचा व्हिडिओ कॉल. पोस्टिंग जम्मूकडे आहे, रेंज मिळेल तेव्हाच बोलणं होतं. हेही तेच म्हणाले, "लय गोरी दिसायलीस. नवा कॅमेरा हाय का?" बावीस वर्षांच्या संसारात रूपाबद्दल पहिल्यांदाच काही निघालं तोंडातून. लाजले मी चक्क. राइडची तयारी कशी चाललीय विचारलं. "एक नंबर," म्हणाले मी.

गच्चीवरच्या शेंगा आणायला गेले तर जिन्यात मध्येच बसावं लागलं. छातीत पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं झालं. आज उपाशीपोटी फार राबले. दोन मिनिटांत गेलं.

१८ जानेवारी, रविवार

प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आहेत. मी ठरवलं, शनिवारी कराड, मसूर, रहिमतपूरवरून सातारा गाठायचं. अंकिताच्या भावाकडे मुक्काम. रविवारी रहिमतपूरवरूनच पुसेसावळीमार्गे घरी. लागोपाठ दोन दिवस पाय चालले की बावीस तारखेची भीती जाईल. सोमवारी झेंडावंदनाला हजर.

अंकिताच्या दुकानात हे बोलायला गेले तर ती आणि सोनम काहीतरी कुजबुजत होत्या. मला बघून गप्प. मग अंकिता म्हणाली, "ताई, एकच दिवस करूया. साताऱ्याहून येताना एसटीच्या टपावर टाकू सायकली."

"का? कुणाला होणार नाही?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सोनम म्हणाली, "मलाच जमंल असं वाटंना, ताई."

"मग तू ये एसटीने."

अंकिता म्हणाली, "बरं, आदी तिघींचं रक्त तरी तपासू. वळखीची लॅब हाय, सकाळी उपाशी जायचं, धा मिनटाचं काम." मला कळलं काय चाललंय. मला नापास करायला यांना एक कागद हवाय. म्हाताऱ्या बाईला गोडीगुलाबीने बाजूला करायचं आणि दोघींनी जायचं. मी म्हटलं, राइड झाल्यावर तपासू, खुशाल.

रस्त्याने येताना फार एकटं वाटलं. हे मी सुरू केलं होतं.

२४ जानेवारी, शनिवार, सातारा

पोचलो. पेनही जड जातंय म्हणून अक्षर असं.

उजाडता उजाडता निघालो. सुर्लीचा घाट उतरताना धुक्याने भुवया ओल्या झाल्या. खाली शेतांत ऊस तोडायला टोळ्या लागलेल्या, पाचट पेटवल्याचा वास, आणि समोरून ट्रॅक्टरची रांग. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या आणि टेपवर मोठ्याने गाणी. त्या उतारावर मी पुढे होते. पायडल मारायला नको, दम लागायला नको, नुसतं हँडल धरून वाऱ्यात बसायचं. तेवढा वेळ मी मला ओळखीची वाटले. मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडलेही.

मसूरच्या पुढे सपाट रस्ता, पण वारं समोरून. सोनम माझ्या पुढे आली आणि म्हणाली, "ताई, माझ्या पाठीला चिकटून या, वारं लागनार न्हाई." मी बाजूने काढून पुढे गेले. कुणाच्या आडोशाने यायला मी आलेली नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा पुढे आली. मी तेव्हा मागेच राहिले.

रहिमतपुरात मिसळ खाल्ली, म्हणजे त्या दोघींनी. मला नुसतं थंड हवं होतं. रसवंतीवाल्याकडून ग्लासभर बर्फ मागून घेतला आणि तोच चावत बसले. जानेवारीत, स्वेटर घातलेल्या माणसांमध्ये. अंकिता बघत होती. "काय?" म्हटलं तर म्हणाली, "काय न्हाई, खा." आणि तोंड फिरवून डोळे पुसले. धूळ गेली असेल.

अंकिताच्या वहिनीने गरम पाण्यात मीठ टाकून दिलंय पाय सोडायला. पाय सुजलेत. जेवण नको वाटतंय. उद्याचं अंतर कमी आहे, होईल.

२५ जानेवारी, रविवार

संध्याकाळ. घरी आहे. मला फारसं लागलेलं नाही. गुडघा सोलवटलाय आणि कोपरावर काळंनिळं आहे. सोनमचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

आठवतंय तसं लिहून ठेवते.

रहिमतपूर सोडून पुसेसावळीच्या रस्त्याला लागलो. ऊन वर आलं होतं. मोठा नाही पण लांबच लांब चढ आहे तिथे. मी कडेने, सोनम माझ्या उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूने. तिला दोनदा सांगितलं, पुढे हो, एवढ्या जवळून चालवू नको. "असू द्या ताई," म्हणत राहिली. अंकिता मागे. ऊन इतकं कडक की कडेच्या बाभळी पांढऱ्या दिसत होत्या. समोरून ट्रॅक्टरचं गाणं ऐकू येत होतं. मग खांद्याला मोठा हिसका बसला आणि मी गवतात पडलेली.

उठून बघते तर सोनम डांबरावर, तिची सायकल ट्रॉलीच्या चाकाशी वाकडी होऊन पडलेली. ट्रॅक्टरवाला खाली उतरून शिव्या घालत होता, घालता घालता त्याचा आवाजच फुटला, रडायलाच लागला बिचारा. सोनमचा चेहरा पांढराफटक. एक हात दुसऱ्या हाताने धरून ती मला म्हणाली, "ताई, माझं चाक लागलं तुमच्या चाकाला. चुकी माझी हाय."

अंकिता काहीतरी म्हणायला गेली तर सोनमच तिच्यावर ओरडली, "अंकिताताई, पानी दे आदी!"

फोन केल्यावर माझे दीर उदयसिंह गाडी घेऊन आले. त्यांना आधीपासूनच हे सायकलचं पटत नाही. गाडीतून उतरले ते "वैनी, आता बास झालं, ती सायकल भंगारात घालतो," म्हणतच. त्यांनाही सोनमने सांगितलं, कळवळत, "दादा, वैनींची काय चूक न्हाई. त्या सरळच चालल्या हुत्या. मीच आंगावर गेले." मग ते माझ्यावर चिडायचे थांबले.

राग येतो. अडीच वर्षं घसा फोडून शिकवलं, दोन सायकलींमध्ये हातभर अंतर ठेवा. मरायची वेळ आणली पोरीने. आणि बावीस तारीखही गेली. तिच्या हाडाचं वाईट वाटतंय, पण खरं ते लिहायचं तर रागच जास्त आहे.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. राष्ट्रगीत चालू असताना पोरांच्या रांगा पाण्यातल्यासारख्या हलायला लागल्या. मी झेंड्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहिले. कालच्या पडण्याचा धक्का असणार.

सोनमकडे गेले नाही. अंकिता गेली होती म्हणे.

२९ जानेवारी, गुरुवार

काय लिहू.

दुपारी अंकिता दुकान बंद करून शाळेत आली. दुकान ती कधी बंद करत नाही. मी पोरांना सोडून व्हरांड्यात गेले. ती बसलीसुद्धा नाही.

"ताई, सोनमनं मला शपथ घातलीय. ती मोडतीय मी. रविवारी तिचं चाक लागलं न्हाई तुला."

"तीच म्हणाली."

"ती म्हननारच. तुझं डोकं छातीवर पडलं हुतं, ताई. पाय चालायचे थांबले हुते. तू सायकलवर नुसती ठेवल्यागत हुतीस. आणि सायकल चालली हुती उजवीकडं, ट्रॉलीखाली. सोनमनं आडवं जाऊन तुला खांद्यानं ढकललं गवतात. तुला ढकलताना ती राहिली रस्त्यात."

मी म्हटलं, "खोटं आहे. मला सगळं आठवतंय."

"काय आठवतंय सांग बघू."

मी सांगायला लागले. बाभळी पांढऱ्या दिसत होत्या. गाणं ऐकू येत होतं. मग हिसका आणि गवत.

"ट्रॅक्टर बघितलास तू? किती लांब हुता?"

ट्रॅक्टर मला दिसलाच नव्हता. गाणं आठवतंय, पण ट्रॅक्टर नाही. बाभळी आणि गवत यांच्या मध्ये काहीच नाही, पुसलेली पाटी. मी त्या जागेत कितीतरी वेळ काही शोधत उभी राहिले.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुझ्या दीरानं काय म्हटलं ऐकलंस न्हवं? तू चक्कर येऊन पडलीस म्हटल्यावर तुला पुन्हा सायकलीला हात लावू दिला असता का? सोनम म्हनली, हाड काय, जुळंल. ताईंचं एकदा सुटलं तर सुटलं." मग आवाज चढवून म्हणाली, "पोटात दुखतंय म्हनून ती चढाला का बसायची, कळलं न्हाई तुला? तू थांबत न्हवतीस म्हनून! आमी गेले दोन महिने तुज्या मागं-पुढं चालतोय, तू कवाबी पडशील म्हनून!"

वर्गातली पोरं खिडकीत गोळा झाली होती. अंकिता रडत होती, मला रडूसुद्धा येईना. तिने तिथूनच गाडीवर बसवून लॅबमध्ये नेलं.

लॅबमधला माणूस रिपोर्ट घेऊन बाहेर आला आणि आमच्या दोघींच्या डोक्यावरून बघत म्हणाला, "पेशंट कुठाय?"

"मीच."

त्याने आधी मला बसायला खुर्ची दिली. रक्त पाचच्या जेमतेम वर. बाईचं बारा असावं लागतं.

३१ जानेवारी, शनिवार, कराड

दवाखान्यात आहे. दुसरी पिशवी चढतेय. गर्भाशयात गाठी आहेत. साध्या आहेत, पण त्यांनीच सगळं रक्त खाल्लं, वर्षभर तरी. आधी रक्त भरायचं, गोळ्यांनी जाणं थांबवायचं, मग मार्चमध्ये ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माती-खडू खावंसं वाटतं का, बर्फ चावावासा वाटतो का. मी हो म्हटलं तर त्यांनी मान हलवून लिहून घेतलं. मला वाटत होतं ते माझं एकटीचंच गुपित आहे.

आत्ती उशाशी बसून आहेत. घर सोडून दोन दिवस कुठे न राहणारी बाई. मी म्हटलं, तुम्ही जा, म्हशी आहेत घरी. तर म्हणाल्या, "आसू दे म्हशी." मग रक्ताच्या नळीकडे बघत बोलल्या. "मला बी असंच जायाचं गं. उदय झाल्यावर चार-पाच वरीस. गोठ्यात शान काढताना पडले हुते एकदा. म्हशीनं त्वांड चाटलं तवा उठले."

"मग? कुणाला सांगितलं नाही?"

"कुनाला सांगायचं? सासू म्हनायची, बाईचं असंच आस्तंय. म्या तुला तेच सांगत बसले." त्यांनी माझ्या हातावरची चादर सारखी केली. "मला ठावं हुतं की गं कसं वाटतं ते. तरी म्हनत बसले, भाजी कोन टाकनार."

मला त्यांच्याकडे बघवेना. पिशवीतून थेंब पडतात तेच बघत राहिले.

ह्यांचा फोन आला. रिपोर्ट उदयसिंहांनी पाठवला होता. कितीतरी वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाले, "आन मी गोरी म्हनलो गं."

५ फेब्रुवारी, गुरुवार

घरी आले परवा. अंगात गरमी आलीय. पायात ताकद नाही, पण डोक्यात लख्ख दिवा लागल्यासारखं वाटतं. किती दिवस अंधारात चालवत होते ते आता कळतंय.

दिरांना समोर बसवून खरं काय घडलं ते सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मंजे त्या पोरीनं..." आणि उठून बाहेर गेले. सायकलचं काही बोलले नाहीत. आज दुपारी सोनमकडे सोडायला तेच आले.

सोनमच्या खोलीवर तिची आई आलीय, रंगुबाई. उंच, काटक, कपाळभर कुंकू. मी कोण हे कळल्यावर चहा ठेवायला उठली. मी म्हटलं, बसा, आधी ऐका. आणि सांगितलं सगळं. लेकीने तुम्हालाही खोटं सांगितलंय, तिचं चाक लागलं नव्हतं, मला वाचवताना हाड मोडलं. ट्रॉली थांबली नसती तर एका हाडावर भागलं नसतं.

रंगुबाईने सोनमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग?" म्हणाली. "पडत्याला धराय नगो व्हय?" आणि चहा ठेवायला गेली.

सोनम गळ्यात हात अडकवून कॉटवर बसलेली, तोंड खाली. "अंकिताताईला सांगू नगो म्हटलं हुतं."

"मी चार दिवस तुझ्यावर चिडून होते. भेटायलासुद्धा आले नाही."

"ठावं हाय की."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. "लय वाटलं. रडले बी. पन आता काय करता, ढकलून तर बसलेले."

हसायला आलं दोघींना. हसताना तिचं हाड दुखलं तशी "आईगं" म्हणून ओरडली. तिच्या केसांचा पार गुंता झाला होता, एका हाताने वेणी घालता येत नाही आणि आईचे हात खरबरीत, ओढून विंचरते म्हणे. मी तिच्या मागे बसून केस सोडवले. सावकाश, खालून वर. बराच वेळ लागला. मला मध्ये दम लागला. मी म्हटलं, "थांब गं, दमले." हात मांडीवर ठेवून बसले, आणि ती तशीच पाठमोरी बसून राहिली.

२२ फेब्रुवारी, रविवार

अंकिता एकटीच गेली राइडला. तिला जायचं नव्हतं. आम्ही दोघींनी भांडून पाठवली. उदयसिंहांनी गाडी काढली. अंकिता रहिमतपूरवरून परत साताऱ्याकडे वळणार होती, तिथे स्टँडसमोर, भिंतीलगतच्या बाकड्यावर सोनम आणि मी बसलो. पुरुष गेले, कॉलेजची पोरं गेली, पांढऱ्या दाढीचे एक आजोबा गेले. मग रस्ता रिकामा.

ती आली तेव्हा दुपार कलत होती. सायकल टेकवून खाली मातीतच बसली. "मला न्हाई जमत ताई. सोडते मी."

आधीची मी असते तर दंडाला धरून उठवली असती. आज शेजारी बसले. तिची पापणी ओढून बघितली. "छातीत धडधड? डोळ्यांपुढं काही?"

"न्हाई गं. पाय गेलेत नुसते. आणि बूड."

"मग दमलीयस. दमणं चांगलं असतं. सोडायचं तर सोड, गाडी आहे. नाहीतर एक केळं खा आणि मग ठरव."

तिने दोन खाल्ली. पाणी डोक्यावर ओतलं. सोनमने डाव्या हाताने तिची पाठ चोळली. मग ती सायकलवर बसली आणि निघाली, इतकी हळू की सुरुवातीला चालत गेलो असतो तरी गाठली असती. वळणावर एकदा हात वर केला.

आम्ही बाकड्यावर परत येऊन बसलो. उदयसिंह चहा सांगायला गेले. सोनम गोळ्यांनी पेंगुळली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. फोन वाजला, ह्यांचा असणार, पण पिशवीतून काढायचा तर हलावं लागलं असतं. वाजू दिला. समोरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, स्टँडवर माणसं उभी होती, दोन बाया आमच्याकडे बघून काहीतरी बोलत होत्या. चार माणसांत भर दिवसा बाईने झोपायचं नसतं, हे मला आठवत होतं.

मी पाठ भिंतीला टेकली. मग मलाही झोप लागली.